एकशे चाळीस भांड्यांचा मामा

आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. हिशोबात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या तीर्थपुरीत नव्हता! जिनिंगमध्ये मी कारकून. हंगामात दिवसाला पन्नास-साठ गाड्या कापूस तोलून जायचा. "माझ्या वहीत एका तोळ्याचा फरक काढून दाखवा, मिशा उतरवीन," असं मी चारचौघांत ठणकावून सांगायचो. मिशा मला कधी धड आल्याच नाहीत, ही गोष्ट वेगळी.

म्हणून तर वस्तीनं पंच मंडळाची भांडी माझ्या ताब्यात दिली. त्या भांड्यांची गोष्टही सांगितली पाहिजे. आमची बौद्ध वस्ती. लग्नकार्याला लागणारी मोठी भांडी आम्हाला गावात कोणी द्यायचं नाही. एखाद्यानं दिलीच तर अशा तोंडानं द्यायचा, की वऱ्हाड उपाशी गेलेलं परवडलं! मग बहात्तरचा दुष्काळ पडला आणि सगळी वस्ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. तेव्हा आमच्या पंचांतले थोरले कचरूबप्पा म्हणाले, "आठवड्याचा पगार झाला की घरटी एक रुपया बाजूला काढायचा. आपली भांडी आपण घेऊ." पोटाला पुरत नव्हतं, तरी लोकांनी रुपया दिला. बायांनी दिला, पोरींनी दिला. हाताला फोड आलेल्या माणसांनी त्या फोडांच्या पैशातून भांडी घेतली! जालन्याच्या बाजारातून गाडी भरून आणली तेव्हा वस्तीत डफ वाजला होता. चार डेगा, सहा पराती, दहा घागरी, वीस पळ्या-झारे आणि जर्मनच्या शंभर ताटल्या. एकूण नग एकशे चाळीस.

लाल पुठ्ठ्याच्या वहीत मी ते सगळे नग मांडले. कोणी नेली, कधी नेली, कधी आणली, पोचा पडला का, सगळं! दर बुद्धपौर्णिमेला वंदना झाली की मी उभा राहून हिशोब वाचायचो. "भांडी एकशे चाळीस, हजर एकशे चाळीस!" लोक टाळ्या वाजवायचे. कचरूबप्पा म्हणायचे, "साहेबराव म्हंजे बँक हाय बँक!" तीन वर्षं मी ते ऐकत होतो. माणसाचं डोकं ठिकाणावर राहील तरी कसं?

शहात्तर साली माझ्या भाचीचं लग्न ठरलं. सत्यशीला तिचं नाव. माझ्या थोरल्या बहिणीची, कौसल्याची पोरगी. मेहुणे वारल्यावर मायलेकी आमच्याच शेजारी राहायला आल्या. त्यामुळे मामा म्हणजे मीच आणि बाप म्हणजेही मीच. मुलगा हसनाबादचा. बुद्धपौर्णिमेच्या चार दिवस आधीची तारीख निघाली.

आता मामा म्हटला की भेट आली! मी पितळेचा एक हंडा घेतला. चांगला जड, घासला तर तोंड दिसेल असा. भेटीच्या भांड्यावर नाव टाकलं पाहिजे, नाहीतर कोणी दिलं ते सासरच्यांना कळणार कसं? नाव टाकायचं मनात आलं आणि डोक्यात एकदम उजेड पडला. हंड्याबरोबर वस्तीच्या भांड्यांवरही नाव टाकून घेतलं तर? एकदा मंडळाचं नाव कोरलं की भांडं कुठंही जावो, परत येणारच! पंचांनी लगेच मंजुरी दिली.

बाजारात नावं टाकणारा रखमाजी बसायचा. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी, टिकटिक टिकटिक करत ठिपक्या-ठिपक्यांनी असं अक्षर काढायचा की छापखान्यानं शिकून जावं. त्याला वाचता येत नव्हतं. पण कागदावर जे असेल ते हुबेहूब उतरवायचा. कागदावर माशी मेलेली असेल तर तीही कोरून देईल!

"अक्षराला तीन पैसे," तो म्हणाला.

"एकशे एक्केचाळीस भांडी हायेत रखमाजी! घाऊक भाव सांग."

"मंग अडीच."

"दोन. न्हाईतर मी चाललो जालन्याला."

दोन पैशांवर सौदा झाला. मी खिशातून एक कागद काढला, खर्च नको म्हणून त्याचेच दोन तुकडे केले. एका तुकड्यावर वस्तीच्या भांड्यांसाठी मुद्दाम थोडक्यात लिहिलं: 'पंच मंडळ तीर्थपुरी'. नऊ अक्षरं. नगाला अठरा पैसे. आणि दुसऱ्यावर हंड्यासाठी जरा हात सैल सोडून लिहिलं: 'चि. सत्यशीला हिस साहेबराव मामाकडून सप्रेम भेट'. बावीस अक्षरं. एकुलती एक भाची, तिथं कसली काटकसर!

"ह्यो कागद हंड्याला, ह्यो बाकीच्यांना. बराबर?"

"बराबर," रखमाजी म्हणाला आणि दोन्ही कागद एकत्र घडी करून मुंडाशात खोचले.

काम भरपूर, दिवस थोडे. भांडी आली ती लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, पोत्यांत भरून, बैलगाडीतून. मी गावभर पळत होतो. मांडव, बत्त्या, साखर, शेवग्याच्या शेंगा! बायांनी पोत्यांतून डेगा काढल्या आणि रिवाजाप्रमाणे त्यांना बाहेरून मातीचा लेप दिला. लेप दिला की जाळाचा काळा रंग भांड्याला धरत नाही. लेपाखाली काय कोरलंय ते कोण बघतो? ताटल्या धुऊन उपड्या रचून ठेवल्या. मी लांबूनच रास मोजली, वहीत बरोबरची खूण केली आणि हंडा कुठंय म्हणून विचारलं. बेबीनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "हाय तिथंच, पोत्यात. तुम्ही आधी साखरेचं बघा."

मी साखरेचं बघितलं. हंड्याचं राहून गेलं.

लग्न दणक्यात लागलं! त्रिशरण झालं, पंचशील झालं, सत्यशीलानं आणि नवऱ्या मुलानं एकमेकांना हार घातले. हसनाबादचं वऱ्हाड एक ट्रक भरून आलं होतं. ताटल्या शंभरच, म्हणून त्या वऱ्हाडाला दिल्या आणि आपल्या लोकांना पत्रावळ्या. मी मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसून आहेराची यादी लिहीत होतो. कोणी पाच दिले, कोणी लुगडं दिलं, कोणी नुसताच आशीर्वाद दिला. लिहायला मीच पाहिजे, दुसऱ्याचा भरवसा नाही.

तिकडे पंगतीत काय चाललं होतं ते मला पुढं कळलं. वऱ्हाडात एक मास्तर होते. ते वरणभात जेवत होते. जसं वरण सरत गेलं तसं ताटलीत एक एक अक्षर वर येत गेलं. आधी 'चि.' दिसलं. मग 'सत्यशीला' दिसलं. मास्तरांना उत्सुकता लागली, त्यांनी आणखी भात मागितला, भराभर संपवला आणि पूर्ण वाक्य वाचलं. शेजारच्याची ताटली बघितली. तेच! पलीकडच्याची बघितली. तेच! आमटीची पळी आली, तिच्या दांड्यावर तेच! जागा पुरली नाही म्हणून 'भेट' मागच्या बाजूला होती. मास्तर तसेच खरकट्या हातानं उठले ते नवरदेवाच्या बापाकडं गेले.

नवरदेवाचा बाप अप्पाराव. धिप्पाड माणूस, आवाज असा की कानात बोलला तरी शिवाराला ऐकू जावं. थोड्या वेळानं तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळ्यांत पाणी!

"मामा, तुमची भेट बघितली."

मला वाटलं, हंडा बघितला. मी मान खाली घातली. "काय एवढं त्यात पाव्हणं. भाचीच हाय."

"असं कसं! इतकं कोण देतं आजकाल?"

"आपली ऐपत ती काय! जमलं तसं केलं."

"मंग आम्ही ट्रकात भरून घेऊ का?"

"भरा की! ते काय विचारणं झालं?"

"चार गडी लावतो."

एका हंड्याला चार गडी कशाला, असं माझ्या मनात आलं, बिलकुल आलं. पण वराकडची माणसं! त्यांनी हंड्याला चाळीस गडी लावले तरी आपण बोलायचं नसतं. मी म्हणालो, "आरामात भरा," आणि खाली मान घालून यादीची बेरीज करू लागलो.

पाठवणीच्या वेळी सगळी वस्ती मांडवाच्या पुढच्या तोंडाला रडत होती आणि मागच्या तोंडानं भांडी ट्रकात चढत होती. ट्रक हलला. कौसल्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडलो. कुठं गालबोट न लागता पोरगी सुखरूप सासरी गेली म्हणून रडलो!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया भांडी घासायला राख घेऊन मांडवात गेल्या आणि तिथून जी बोंब उठली, ती मला अंथरुणात ऐकू आली. मी धावलो. मांडव रिकामा! डेगा नाहीत, पराती नाहीत, एक झारासुद्धा नाही! चुलीजवळ एकटा एक हंडा उभा. माझा हंडा! मी तो उचलला, फिरवला. त्यावर सुंदर ठिपक्या-ठिपक्यांत लिहिलं होतं: 'पंच मंडळ तीर्थपुरी'.

मला दरदरून घाम सुटला. वैशाख होता, तरी तो घाम उन्हाचा नव्हता.

"चोरी झाली!" कोणीतरी ओरडलं.

"पोलीस पाटलाला बोलवा!"

इतक्यात मांडवात रखमाजी आला, हातात कोणाकडून तरी लिहून घेतलेलं बिल. त्याला कसली घाई असते बघा! "साहेबराव, एकसष्ट रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे झाले."

"एकसष्ट? अरे, पावणेसव्वीसच्या वर जायला नको!"

"बावीस अक्षरं गुणिले एकशे चाळीस. आणि नऊ अक्षरं एका हंड्याला. मोजून घ्या."

"उलटं केलंस की रखमाजी!"

"उलटं कसं?" रखमाजीनं मुंडाशातून दोन्ही तुकडे काढले. "एक कागद लांबडा, एक आखूड. भांडी जास्त तिथं लांबडा, भांडं एक तिथं आखूड. एका हंड्यासाठी कोणी एवढं मोठं लिहीत असतं का?"

चूक त्याची होती, पण अक्कल बराबर होती.

सगळी वस्ती माझ्याकडं बघायला लागली. हळूहळू एकेकाला उलगडा होत गेला. कचरूबप्पा काठी टेकत पुढं आले. "म्हंजे साहेबराव, आमच्या खडीच्या पैशाची भांडी तू तुझ्या नावानं भाचीला देऊन टाकली?"

"बप्पा, मी न्हाई दिली! त्यांनी नेली!"

"मी ऐकलं ना," मागून एक म्हातारी बोलली. "अप्पाराव इचारून राह्यले, भरू का? ह्ये म्हणले, आरामात भरा!"

बँकेचं दिवाळं वाजलं होतं.

कचरूबप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या म्हातारीनं मरायच्या आधी शेवटचा रुपया त्याच भांड्यांत घातला, साहेबराव. पौर्णिमेला हिशोब हाय. त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या नातवाचं लगीन हाय. भांडी आण बाबा." आणि ते निघून गेले.

घरी बेबीनंदानं धोतर-सदरा काढून ठेवला होता. "आत्ताच्या एस.टी.नं जा. पण आवो, एक ध्यानात ठेवा. भांडी मागताना माझ्या पोरीला सासरी कोणी वाकडा शब्द बोललं, तर भांडी घेऊन तिकडंच राहायचं. घरी यायचं न्हाई!"

म्हणजे भांडी तर आणायची, आणि पोरीची मान खाली न जाऊ देता आणायची. जालन्यापर्यंत एक एस.टी., तिथून हसनाबादची दुसरी. अख्ख्या रस्त्यानं मी मनात वाक्यं जुळवत होतो. "अप्पाराव, एक गंमत झाली." नाही, गंमत कसली? "अप्पाराव, एक छोटीशी गल्लत..." एकशे चाळीस नगांची गल्लत छोटीशी!

हसनाबादला उतरलो आणि काय बघतो? अप्पारावांच्या अंगणात लाकडी फळ्या टाकून त्यावर सगळी भांडी मांडलेली! घासून लख्ख! वस्तीतली माणसं रांगेनं येऊन बघून जात होती. मास्तर उभे राहून एक एक भांडं वाचून दाखवत होते. सगळ्यांवर एकच वाक्य, तरी दर वेळी वाचत होते.

"आले! आले मामा!" अप्पारावांचा आवाज फुटला. कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. "जयभीम मामा! जयभीम!" मला बाजेवर बसवलं. चहा आला. मी तोंड उघडलं.

"अप्पाराव, मी ह्याच्यासाठी आल्तो की..."

"आधी चहा!"

चहा झाला. मी तोंड उघडलं. तोंडात बुंदीचा लाडू आला. तो गिळेपर्यंत दुसरा चहा आला. तीन चहा आणि दोन लाडू होईपर्यंत मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. त्यात अप्पारावांनी एक वही काढली. लाल पुठ्ठ्याची! डिट्टो माझ्यासारखी!

"मामा, एवढी भांडी एकट्या घरात ठेवून काय करायचं? म्हणलं, वस्तीला वापरू द्यावी. ही बघा, तीन लग्नांची नावं लिहून घेतली. सगळे म्हणून राह्यले, सून आणावी तर अप्पारावसारखी!"

मेलो! म्हणजे आता भांडी मागायची तर एकट्या अप्पारावाकडून नाही, तीन लग्नं मोडून मागायची. मी घाबरून चौथा चहा स्वतःहून मागितला.

घागर घेऊन सत्यशीला बाहेर आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर. "मामा, हात धुता का?" म्हणाली आणि मला अंगणाच्या कडेला नेलं. पाणी घालता घालता हळूच म्हणाली, "भांडी न्यायला आलात ना?"

"तुला कसं ठाऊक?"

"मी ट्रकातच वाचलं. मला काय ती भांडी ओळखू येत न्हाईत? त्या तिसऱ्या डेगीचा कान मीच तर वाकवला, घासताना."

"मंग बोलली का न्हाईस, पोरी?"

"नवी नवरी ट्रकात उभी राहून काय बोलणार? ते सगळे तुमचं नाव घेऊन राह्यले, मामा असा, मामा तसा. मला वाटलं, बोलले तर माझ्या मामाची इज्जत रस्त्यात सांडंल." तिनं घागर खाली ठेवली. "पण मामा, कालपासून मी त्या भांड्यांतलं पाणी पिले न्हाई. पंधरा वर्षांची होते मी, खडी फोडायची तेव्हा. आईनं अन् मी दोघींनी रुपया रुपया दिला. घरी बप्पाच्या नातवाचं लगीन कशात होणार? मला काय व्हायचं ते होऊ द्या. तुम्ही बोला. न्हाईतर मी बोलते."

अठरा वर्षांची पोर! आणि मी, चाळीस वर्षांचा घोडा, चहा पीत बसलो होतो. मला माझीच लाज वाटली. लाज अशी वाटली की मी ओल्या हातानंच बाजेवर चढून उभा राहिलो.

"ऐका!" मी ओरडलो. बाज करकरली. "ही भांडी माझी न्हाईत! मी एकच हंडा दिला, तोही तुमच्याकडं आला न्हाई! ही भांडी आमच्या वस्तीची हायेत. लोकांनी दुष्काळात खडी फोडून घेतलेली हायेत. नाव टाकणाऱ्यानं कागद अदलाबदली केले अन् मी मूर्खावानी भरा भरा म्हणलो. पोरीचा ह्यात काही दोष न्हाई. तिला काही बोलू नका, मला काय बोलायचं ते बोला!"

मास्तरांनी हातातली परात हळूच खाली ठेवली. अप्पारावांचं तोंड पडलं. एवढा मोठा माणूस, पण एका क्षणात वीतभर झाला. सकाळपासून सगळ्या गावाला बोलावून दाखवलं आणि आता हे! मला त्यांच्याकडं बघवेना.

तेव्हा घरातून हसण्याचा आवाज आला. सत्यशीलाची सासू, तुळजाबाई, पोटाला हात लावून हसत बाहेर आली.

"मला वाटलंच व्हतं!" ती म्हणाली. "भेटीच्या डेगीला मातीचा लेप कुठं असतो? अन् पातळ आमटी? अर्धी डेग वांग्याची आमटी आल्ती भेटीत! ताटल्यांना भात चिटकलेला! म्हणलं, ह्यो कसला मामा, भाचीला खरकट्यासगट भेट देतो!"

"मंग तू बोलली का न्हाईस?" अप्पाराव गरजले.

"तुम्ही बोलू देता कधी कोणाला? अन् म्हणलं, ज्याची हायेत तो येईलच की मागं. तवर घासून, मोजून ठेवली. सुनेनं अन् मी. एकशे चाळीस हायेत, मामा. मोजून घ्या."

मग ती अप्पारावांकडं वळली. "अन् तुम्ही तोंड पाडून बसू नका. चाळीस-पन्नास घरांनी दगड फोडून घेतलेली भांडी आपल्या अंगणात एक रात्र राह्यली. मला तर त्याचंच कौतुक वाटून राह्यलं."

अप्पाराव मांडीवर थाप मारून उठले. "हसनाबादचा माणूस दुसऱ्या वस्तीची पळीसुद्धा ठेवून घेणार न्हाई! मास्तर, पावती लिहा! मामा, सही करा!" आणि वहीतल्या तीन लग्नांवर त्यांनी स्वतःच्या हातानं काट मारली. सत्यशीलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हंडा न्हाई आला तरी चालंल. पोरगी बराबर आली."

पोरीनं तोंडाला पदर लावला. मीही लावला असता, पण मला पदर नव्हता.

भांडी एस.टी.च्या टपावर चढवली. ट्रकाचे पैसे कोण देणार? पण ताटल्यांचं एक पोतं वर मावेना, ते मी आत, पायाशी घेतलं. सामानाचं तिकीट फाडायला कंडक्टर वाकला, पोत्याचं तोंड उघडं होतं, त्यानं वाचलं. दुसरी ताटली काढून वाचलं.

"साहेबराव मामा तुम्हीच का?"

"हो," मी म्हणालो.

"अन् ही भाचीला दिलेली भेट परत घेऊन चालले?"

"न्हाई हो, त्याचं असं झालं..."

"बघा हो बघा!" कंडक्टरनं सगळ्या गाडीला सांगितलं. "मामानं पोरीला दिलेली भांडी सासरहून उचलून आणली!"

जालन्यापर्यंत गाडीतल्या बायांनी माझी अशी बिनपाण्यानं केली की सांगायची सोय नाही! एक म्हातारी म्हणाली, "माझ्या भावानं असं केलं असतं तर त्याचं तोंड बघितलं नसतं." मी सांगायचा प्रयत्न केला, पण 'खडी', 'रखमाजी', 'आखूड कागद' ही गोष्ट चालत्या एस.टी.त पटवून देण्यासारखी नव्हती. मी धोतराचा सोगा तोंडावर घेतला आणि झोपल्याचं सोंग केलं.

बुद्धपौर्णिमेला वंदना झाली. मी उभा राहिलो. "भांडी एकशे चाळीस, हजर एकशे चाळीस." टाळ्या वाजल्या नाहीत. पण कचरूबप्पांनी उठून तिसरी डेग जवळ घेतली आणि तिच्या कानावरून हात फिरवला. तेवढ्यानं माझा जीव भांड्यात पडला, आणि या वेळी भांडी समोरच होती.

मग पंचांनी एकेक निर्णय सांगितले. रखमाजीच्या बिलातले पंचवीस रुपये वीस पैसे मंडळ देणार. उरलेले छत्तीस रुपये अठ्ठावन्न पैसे साहेबरावांनी खिशातून भरावे. ठीक. हंडा? मी म्हणालो, तो माझा. पंच म्हणाले, नाव बघा कोणाचं हाय! हंडा मंडळाच्या वहीत जमा झाला, नग एकशे एक्केचाळीस, आणि भाचीला मी दुसरा घेतला. वही माझ्याकडून काढून बेबीनंदाकडं दिली. ती माझ्यापेक्षा कडक निघाली. आता घरात पाणी प्यायला तांब्या घेतला तरी विचारते, "कधी ठेवणार?"

राहिला प्रश्न कोरलेल्या नावाचा. रखमाजी म्हणाला, कोरलेलं निघत नसतं, वरून नवीन टाकता येईल, अक्षराला दोन पैसे. पंचांनी एकमेकांकडं बघितलं. कचरूबप्पा म्हणाले, "राहू द्या. पोरीचं नाव हाय, पोरीनं खडी फोडली. वस्तीच्या भांड्यावर वस्तीच्या पोरीचं नाव, ह्यात वाईट काय?"

"अन् मामाचं नाव?" कोणीतरी विचारलं.

"मामाला काम लावू," बप्पा म्हणाले.

ते काम असं. तेव्हापासून वस्तीत कोणाचंही लग्न असो, वऱ्हाडाचा ट्रक गावाबाहेर जाईपर्यंत मी भांड्यांच्या राशीशेजारी काठी घेऊन बसायचं. कोणी पाव्हणा ताटली वाचायला लागला की मी ओरडायचं, "भेट न्हाई! भेट न्हाई! वस्तीची हायेत!" आज किती लग्नं झाली, मी एका नवरीचं तोंड धड बघितलेलं नाही.

पण तुमच्यापासून काय लपवायचं? कधी कधी लांबच्या गावचा एखादा पाव्हणा जेवता जेवता थांबतो, सगळं वाचतो, उठून माझ्यापाशी येतो आणि दोन्ही हात जोडून म्हणतो, "मामा, इतकं तुम्ही दिलं?"

मी खरं काय ते सांगतोच हो. बिलकुल सांगतो! फक्त लगेच नाही सांगत. त्याचे हात खाली येईपर्यंत थांबतो.